‘दादा, अर्ध्या तासात गाडी द्या!’ वॉशिंग सेंटरवरची घाई कुठे चालते आणि कुठे गाडीच्या रंगावर बेतते?

लग्नसराईतला रविवार. सकाळचे साडेआठ. टेंभुर्णी असो, मोहोळ असो की बार्शी, रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरसमोर चार-पाच गाड्या आधीच उभ्या असतात. त्यातली एक नवरदेवाची. “दादा, अर्ध्या तासात द्या, अकराचा मुहूर्त आहे, अजून फुलं लावायची आहेत,” असा तगादा चालू असतो. शेजारी भाड्याची जीप उभी असते. तिच्या मालकाची एक फेरी बुडाली की दिवसाचं गणित बिघडतं. सेंटर चालवणाऱ्या तरुणाचीही अडचण असतेच. प्रेशर मशीन, व्हॅक्यूम, शेड, सगळं कर्ज काढून उभं केलेलं. गाडी परत पाठवली तर गिऱ्हाईक तुटतं, आणि घाईत धुतली तर चार दिवसांनी तोच माणूस बॉनेटवरचे ओरखडे दाखवायला येतो.

पूर्वी गाडी धुणं म्हणजे पाणी मारणं आणि फडकं फिरवणं एवढंच होतं. आता तालुक्याच्या गावांतही ‘कार डिटेलिंग’चे फलक लागले आहेत. डिटेलिंग म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारकाईने केलेली सफाई आणि रंगाची निगा. त्यात फोम वॉश, सीट-कार्पेट धुणं, पॉलिश, सिरॅमिक कोटिंग अशी बरीच कामं येतात. कामं वाढली, दर वाढले, पण “लवकर द्या” हा आग्रह तोच राहिला. मग वेग आणि दर्जा यांचा मेळ बसवायचा कसा?

पंगतीचा हिशेब इथेही लागू

गावातल्या लग्नाचा स्वयंपाक ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना याचं उत्तर लगेच कळेल. हजार माणसांची पंगत वेळेवर बसते, कारण आचारी कांदा-बटाटा, वाटण, मसाले यांची तयारी रात्रीच करून ठेवतो. चिराचिरीला दहा हात लावले की ती लवकर उरकते. पण भाताला वाफ लागायची तेवढी लागतेच. तिथे दहाऐवजी वीस माणसं उभी केली तरी भात लवकर शिजत नाही. झाकण आधी काढलं तर तो कच्चा राहतो.

गाडीच्या कामाचेही असेच दोन भाग आहेत. एका भागात वेळ माणसाचा जातो. बादली शोधणं, फडकं आणायला जाणं, पाइपाचा गुंता सोडवणं, गाडी पुढे-मागे करणं हे त्यात येतं. हा वेळ कितीही कमी केला तरी गाडीचं काही बिघडत नाही. दुसऱ्या भागात वेळ वस्तूला लागतो. चिखल भिजणं, कार्पेट सुकणं, कोटिंग घट्ट बसणं ही ती कामं. तिथे घाई केली की नुकसान होतंच, फक्त ते दिसायला थोडे दिवस लागतात. बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते. माणसाचा वाया जाणारा वेळ कुणी मोजत नाही आणि काटछाट होते ती वस्तूच्या वेळेत.

रंगाचा थर किती जाड असतो?

घाईने एवढं काय बिघडतं, हे समजायला रंगाची जाडी माहीत हवी. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास भरते. गाडीनुसार आणि भागानुसार ती थोडी कमी-जास्त असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे अख्खा रंग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. त्यातला चमक देणारा क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक.

गाडीची चमक आणि उन्हापासून रंगाचं संरक्षण या पातळ थरावर अवलंबून असतं. तो एकदा घासला गेला की परत येत नाही. पॉलिशने ओरखडा ‘भरतो’ असा अनेकांचा समज आहे. खरं तर पॉलिश करताना ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून सपाट केला जातो. प्रत्येक वेळी थोडा थर जातोच. म्हणून धुतानाच ओरखडे पडू न देणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे.

घाई महागात पडते त्या पाच जागा

१) कोरड्या धुळीवर फडकं. काळ्या रानातून, ऊस वाहतुकीच्या रस्त्यावरून किंवा वाळूच्या पट्ट्यातून आलेल्या गाडीवर बारीक कडक कण चिकटलेले असतात. त्यावर थेट फडकं फिरवलं की ते सँडपेपरसारखं काम करतं. उन्हात किंवा मोबाईलच्या टॉर्चमध्ये बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या अशाच पडतात. आधी साध्या पाण्याने चिखल आणि माती उतरवायची, मग फोम मारून चार-पाच मिनिटं तसाच ठेवायचा, म्हणजे राहिलेली घाण भिजून सुटते. फोम मात्र अंगावर वाळू द्यायचा नाही. घाईत नेमकी हीच चार-पाच मिनिटं वगळली जातात.

धुताना बादल्या दोन हव्यात, एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी हातमोजा किंवा स्पंज खळबळून काढायला साध्या पाण्याची. एकाच बादलीत सगळं केलं की छतावरची माती दारावर घासली जाते. चाकांचं फडकं वेगळंच ठेवायचं, कारण चाकांवर ब्रेकमधून निघालेला लोखंडाचा चुरा असतो. कपडे धुण्याची पावडर तर वापरूच नये. ती तिखट असते, आधी लावलेलं वॅक्स उतरवते आणि रबरालाही सोसत नाही.

२) उन्हात तापलेला पत्रा आणि बोअरचं पाणी. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो. दुपारी उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर पाणी मारलं की ते पुसायच्या आत वाळतं आणि पांढरे डाग उरतात. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार म्हणजेच हे डाग. ताजे असताना ते निघतात, पण उन्हात बरेच दिवस राहिले तर क्लिअर कोटला खातात.

पाणी किती जड आहे याचा अंदाज घ्यायला काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर पुरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आपल्या बोअरचा आकडा त्याच्याही वर असेल तर गाडी उन्हात सुकू देणं म्हणजे डाग मागून घेणं. गाडी सावलीत घ्यावी, पत्रा गार होऊ द्यावा, एकेक भाग धुवून लगेच पुसत जावं. शेवटचं पाणी गावातल्या फिल्टर प्लँटच्या एका जारचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरलं तर फरक डोळ्यांना दिसतो. पुसायला जाड मायक्रोफायबरचं कापड घ्यावं. घरातला जुना, कडक झालेला टॉवेल अंग पुसायला ठीक, पण क्लिअर कोटवर तो ओढला की रेघा पडू शकतात. जमिनीवर पडलेलं कापड न धुता परत गाडीला लावू नये.

३) पॉलिश मशीनचा जोर. पॉलिशचं मशीन दोन प्रकारचं असतं. एक नुसतं गोल फिरणारं रोटरी आणि दुसरं फिरता फिरता हलणारं, ज्याला कारागीर ‘डीए’ म्हणतात. रोटरीने काम लवकर होतं, पण एकाच जागी उष्णता साठते. दाराच्या कडा, बॉनेटच्या धारा, बंपरचे कोपरे इथे रंग आधीच पातळ असतो. नवखा हात घाईत तिथे क्षणभर जास्त टेकला तरी रंग जळतो. डीएला वेळ जास्त लागतो, पण चूक सहसा एवढी मोठी होत नाही. जाणकार कारागीर आधी हाताएवढ्या भागावर करून पाहतो, कडांना टेप लावतो आणि शक्य असेल तर मीटरने रंगाची जाडी मोजतो. आधी कुठे रंगकाम झालेलं असेल तर तेही त्यात कळतं.

फसवणुकीचीही एक जागा इथे आहे. तासाभरात ‘आरशासारखी’ झालेली गाडी पुष्कळदा फक्त तेलकट फिलरने चमकलेली असते. ओरखडे झाकले जातात आणि दोन-चार वेळा धुतल्यावर परत दिसतात. खरं पॉलिश झालं आहे का हे पाहायला कारागीर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने एक भाग पुसून दाखवतो. तेलकटपणा गेला की खरा रंग समोर येतो.

४) कोटिंगची ‘वाफ’. सिरॅमिक कोटिंग म्हणजे मुख्यतः सिलिकाचा अतिशय पातळ, घट्ट बसणारा थर. तो लावण्याआधी गाडी पूर्ण स्वच्छ, कोरडी आणि तेलमुक्त असावी लागते. खाली ओरखडा राहिला तर तो कोटिंगखाली बंद होतो. लावल्यावर पहिले २४ तास पाणी लागू द्यायचं नाही आणि साधारण आठवडाभर शाम्पूने धुवायचं नाही, अशी सूचना बहुतेक कंपन्या देतात. नेमका काळ डब्यावर लिहिलेला असतो. “सकाळी आणा, दुपारी कोटिंग करून घेऊन जा” असं कुणी म्हणालं तर धुणं, पॉलिश आणि सुकणं यांतलं काय वगळणार, हे आधी विचारावं.

‘९ एच’ या शब्दालाही अनेक जण भुलतात. हे माप पेन्सिलच्या टोकाने ओरखडा पडतो का, या चाचणीतलं आहे. कोटिंग केलं म्हणजे गाडीला दगड, काटे, बाभळीची फांदी लागणार नाही असं नाही. घाण कमी चिकटते आणि धुणं सोपं होतं, एवढा त्याचा खरा फायदा.

५) ओलं कार्पेट. आतली सफाई बाहेरून दिसत नाही, म्हणून तिथे घाई सगळ्यात जास्त होते. कार्पेटखाली जाड फोम असतो. वरून कोरडं वाटलं तरी खाली पाणी राहतं. काच लावून गाडी दिली की दोन दिवसांत कुबट वास सुटतो, पावसाळ्यात तर बुरशीच धरते. पाणी कमी वापरायचं, व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं, मग दारं उघडी ठेवून पंखा लावायचा. कार्पेटवर कोरडा कागद जोरात दाबला आणि तो ओला झाला, तर गाडी द्यायची नाही. सीटखाली पिवळ्या रंगाचे जोड दिसले तर ते एअरबॅगच्या वायरिंगचे असतात. तिथे पाणी मारायचं नाही आणि ओढाओढही करायची नाही.

मग वेळ वाचवायचा कुठे?

समजा, दोन पोरं आठ तास काम करतात, म्हणजे ४८० मिनिटं. घाईने प्रत्येक गाडी ३० मिनिटांत उरकली तर १६ गाड्या होतात. ३०० रुपये दराने ४,८०० रुपये. नीट धुवायला ४८ मिनिटं लागत असतील तर १० गाड्या. दर ४०० केला तरी ४,०००. ८०० रुपये कमी दिसतात, म्हणून माणूस घाईकडे वळतो.

आता तीच नीट धुलाई, पण शोधाशोध आणि येरझाऱ्या कमी करून ४० मिनिटांत बसवली तर १२ गाड्या होतात. ४०० रुपये दराने पुन्हा ४,८००. कमाई तेवढीच, पण चार गाड्यांचं पाणी, शाम्पू आणि वीज वाचली. उन्हाळ्यात टँकर विकत घेणाऱ्याला यातला फरक सांगावा लागत नाही. उलट घाईत एका गाडीचं बॉनेट खराब झालं आणि ते रंगवून द्यायला समजा ४,००० रुपये गेले, तर घाईने मिळणारी पाच दिवसांची जादा कमाई एका फटक्यात गेली. गावात नाव जातं ते वेगळंच.

ही आठ मिनिटं मिळतात अशी:

• सकाळी पहिली गाडी यायच्या आत शाम्पू मिसळून, बादल्या भरून, कापडं रंगानुसार वेगळी करून ठेवायची. उदाहरणार्थ, निळं काचेला, पिवळं रंगाला, काळं चाकाला.

• सामानाची एक हातगाडी करायची. लागणारी प्रत्येक वस्तू हाताशी असली की दर दोन मिनिटांनी शेडमध्ये पळावं लागत नाही.

• क्रम ठरवायचा आणि बदलायचा नाही. आधी चाकं, मग छत, काचा, बॉनेट, दारं आणि शेवटी खालचा भाग. फोम भिजतोय तेवढ्या वेळात दुसऱ्याने पायदान काढून झटकायचे.

• लग्नाच्या तिथी आणि दसऱ्याच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ देऊन गाड्या बोलवायच्या. सगळी गर्दी एकदम आली की कितीही तयारी असली तरी काम बिघडतं.

• गाडी देण्याआधी दोन मिनिटं दुसऱ्या माणसाने फिरून पाहायचं. ज्याने धुतली त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

नवरदेवाच्या गाडीचं काय?

तिला अर्ध्या तासात सगळं मिळणार नाही, पण जे दिसतं ते नीट मिळू शकतं. नीट धुणं, काचा, चाकं आणि आतला व्हॅक्यूम एवढंच करायचं. पॉलिश, सीट धुणं नंतर. आणि हे गाडी आत घेण्याआधीच सांगायचं. “एवढ्या वेळात एवढंच होईल” असं स्पष्ट सांगितलेलं गिऱ्हाईकाला सहसा पटतं.

लग्नानंतरचं काम मात्र टाळू नये. चिकटपट्टीचा गोंद, फुलांचे रंग, हळद-कुंकू दोन-चार दिवस उन्हात राहिलं की डाग धरतात. दसऱ्याच्या पूजेनंतरही तेच. गोंद ब्लेडने खरवडू नये. कोमट पाण्याचं कापड ठेवून तो मऊ करावा आणि हळूहळू सोडवावा. साखर कारखान्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हंगामात काजळी बसते, तीही कोरडी न पुसता पाण्यानेच उतरवावी.

इथे चमक नको

काही ठिकाणी प्रश्न जिवाचा असतो. टायर पॉलिश टायरच्या बाजूला लावतात, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर नाही. ब्रेक डिस्कवर त्याचा फवारा उडाला तर ब्रेक नीट लागणार नाहीत. डॅशबोर्डचं तेलकट पॉलिश स्टिअरिंग आणि पेडलला लावू नये, पाय घसरतो. गाडी धुतल्यावर ब्रेक ओले असतात, म्हणून पहिल्या थोड्या अंतरात गाडी हळू चालवून ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून पाहावेत.

गरम इंजिनावर प्रेशरने पाणी मारू नये. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, वायरिंगचे जोड यांत पाणी शिरलं की गाडी तिथेच बंद पडू शकते. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत नारिंगी रंगाच्या केबलमध्ये मोठा विद्युतदाब असतो, त्यांना हात लावू नये. गाडीच्या खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारायची पद्धतही बंद व्हायला हवी. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात आणि तेलकट पाणी नाल्यातून ओढ्यात, विहिरीत जातं.

गाडी देताना आणि घेताना

देताना: गाडीवर आधीपासून असलेले ओरखडे, पोचे मोबाईलमध्ये टिपून ठेवा, दोघांच्याही सोयीचं. कोणतं काम, किती वेळ, किती पैसे हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

घेताना: गाडी सावलीत उभी करून टॉर्च तिरका मारून बॉनेट पाहा. हात स्वच्छ पॉलिथिनच्या पिशवीत घालून धुतलेल्या पत्र्यावरून हळूच फिरवा, खरखर लागली तर घाण अजून चिकटलेली आहे. दाराच्या आतल्या कडा आणि पायदानाखालचं कार्पेट तपासा. वायपर, काचा, सेन्सर चालू करून बघा.

प्रत्येक गाडीला सगळ्याची गरज नसते, हेही खरं. रोज दूध घालायला जाणाऱ्या पिकअपला कोटिंगचा उपयोग थोडाच. तिला आठवड्याला एकदा चिखल काढून, खालून साध्या पाण्याने नीट धुतलं तरी पत्रा गंजण्यापासून बराच वाचतो. हप्त्यावर घेतलेली आणि पाच वर्षांनी विकायची गाडी असेल तर रंग जपलेला बरा, कारण घेणारा आधी बॉनेटच पाहतो.

‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी घाटातल्या वळणावर असते. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पशेजारीही ती शोभून दिसेल. तिच्या खाली दराबरोबर प्रत्येक कामाला लागणारा वेळही लिहिला, तर सकाळच्या निम्म्या वादावादीला तिथेच उत्तर मिळेल.